गिऱ्हाइकासमोर जेवायचं नाही

आमचे हे हॉटेलात वेटर होते. सगळी नोकरी एकाच हॉटेलात झाली. स्टेशनजवळचं हॉटेल, फार मोठं नाही की फार लहान नाही. आत काळ्या-पांढऱ्या फरश्या, त्यांवर ओळीने टेबलं आणि टोकाला स्वयंपाकघराची खिडकी. त्या खिडकीत आचारी भरलेली ताटली ठेवायचा आणि ओरडायचा, "उचल!" की हे निघाले. आचाऱ्याला सगळे वस्ताद म्हणतात, मीही म्हणते. ह्यांना हॉटेलात 'आधीपाणी' म्हणायचे. गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसतंय तोवर ह्यांचा पाण्याचा ग्लास टेबलावर आलेला असायचा, म्हणून. खरं नाव तिथे पुष्कळांना माहीतच नव्हतं. मी तर घेतच नाही. त्यामुळे ते नाव बिचारं वापराविना तसंच नवं राहिलं आहे.

ह्यांचे नियम होते. धावायचं नाही. ताटलीत अंगठा बुडवायचा नाही. ग्लास गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताला, न बघता बोटांना लागेल असा ठेवायचा. आणि गिऱ्हाइकासमोर जेवायचं नाही. जेवणच काय, बडीशेपसुद्धा तोंडात टाकायची नाही. "त्याचं लक्ष त्याच्या ताटलीत पाहिजे," हे म्हणायचे, "आपल्या घशाकडे कशाला?" सगळी गिऱ्हाइकं गेली की मागच्या बोळात भिंतीकडे तोंड करून उभ्याने चार घास घ्यायचे, तोंड पुसायचं, की परत हजर.

हा नियम घरीही चालायचा. पाहुणे आले की हे वाढणार आणि सगळे उठल्यावर आत जाऊन जेवणार. लग्नानंतर आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा काही केल्या पानावर बसेनात. आई मला आत ओढून म्हणाली, "अगं, जावई अन्नाला लाजतो. हॉटेलात राहून अन्नाला लाजणारा मी हा पहिलाच बघते." पुढे सवय झाली. मलाही हे आधी वाढायचे. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस. मी म्हणायची, हो. पण समोर बसून जेवणारा नवरा मला काही मिळाला नाही, हेही तितकंच खरं. त्याचं वाईट वाटायचं असं नाही. ज्याचं त्याचं घर.

मग ह्यांना कंपवात झाला. पार्किन्सन्स असं डॉक्टर म्हणाले. आधी चालताना एक हात हलेनासा झाला, नुसता अंगाला चिकटून राहायचा. त्याच्याकडे कोण लक्ष देतो? वेटरचा एक हात तसाही ट्रेखाली असतो. मग रिकामं बसलं की तोच हात थरथरू लागला. गंमत म्हणजे हातात ट्रे दिला की थांबायचा. वस्ताद म्हणाला, "याच्या हाताला सुट्टी सोसत नाही, मालक. दोन पाळ्या लावा." सगळे हसले, हेही हसले. तेव्हा ह्यांना हसता येत होतं. पुढे चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू बसत गेलं, पाण्यातला गाळ बसावा तसं. डोळे तेवढे राहिले. एका दुपारी कप बशीवर वाजायला लागला. गिऱ्हाइकाने मान वर करून पाहिलं. ह्यांनी तो कप टेबलावर ठेवला, आत जाऊन एप्रन काढला, घडी केली, आणि घरी आले. परत गेले नाहीत.

त्याला आता बरीच वर्षं झाली. ह्या वर्षांत मी काय केलं ते सांगणं अवघड आहे, कारण काही केलं असं मला वाटतच नाही. सकाळी गोळी द्यायची, ती लागू व्हायची वाट बघायची. गोळी लागू असली की हे बऱ्यापैकी चालतात, बोलतात. उतरली की लाकूड. मग बटणं मी लावायची, चप्पल मी घालायची, अंथरुणात कूस मी वळवायची, आणि खुर्चीतून, पलंगावरून, संडासातून उठवायचं तेही मी. काखेत हात घालायचा, गुडघ्याला गुडघा टेकवायचा आणि देवाचं नाव घेऊन उचलायचं. घासही मी भरवते, दार लोटून. ह्यांच्या हाताला दुसऱ्याला वाढायची सवय. स्वतःच्या तोंडाची वाट त्याला तशीही कधी फार पाठ नव्हती.

आधी मी रडायची, देवासमोर उभी राहून. मग ते आपोआप थांबलं. दिवा लावते, हात जोडते, काही मागायचं सुचत नाही. तशीच उभी राहते आणि मग भाजी चिरायला बसते. लेक फोनवर विचारते, "आई, तू कशी आहेस?" मी म्हणते, "बाबा जेवले." तिला तेच उत्तर वाटत असेल.

उचलून उचलून माझं अंग बाहेर यायला लागलं. बायकांना कळेल काय ते, पुरुषांनी पुढे वाचावं. बरेच दिवस मी तशीच हिंडले. मग उभं राहवेना तेव्हा गेले. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "ऑपरेशन करून टाकू. पण त्यानंतर दीड-दोन महिने काही उचलायचं नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही."

"आणि माणूस?" मी विचारलं.

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

लेकीच्या घरी तिची सासू अंथरुणाला खिळलेली, दोन पोरं लहान. तिच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता. तिनेच एक संस्था शोधून काढली. घरच्या आजाऱ्यासाठी सकाळ-संध्याकाळ मदतनीस पाठवतात. पण कुणालाही पाठवत नाहीत. आधी त्यांच्या बाई घरी येतात आणि आजाऱ्याला रोजचं काय काय जमतं ते पाहतात. आंघोळ, कपडे, जेवण, उठणं, चालणं, लिहिणं. जमत नसेल तरच माणूस मिळतो. मी म्हटलं, त्यात बघायचं काय? आंधळ्यालाही दिसेल. ऑपरेशनची तारीख घेऊन टाकली. ह्यांना त्यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "उद्या एक बाई येणार आहेत, तुम्हाला भेटायला."

इथेच चुकलं. मी 'भेटायला' म्हटलं, आणि ह्यांनी त्याचा अर्थ गिऱ्हाईक असा घेतला.

सकाळपासून तयारी. पांढरा शर्ट काढ. काळी पँट काढ. बुटांना पॉलिश कर. बटणं मीच लावली. गोळी अशा बेताने घेतली की बाई यायच्या वेळेला ती नीट लागू झालेली असावी. ह्यांचा आयुष्यभराचा धंदाच वेळ गाठायचा. वस्तादकडे निरोप गेला आणि तो सूप घेऊन आला.

बाई आल्या. वयाने लेकीएवढ्या, खांद्याला पिशवी, आवाज मऊ. त्या खुर्चीत टेकतात न टेकतात तोच हे उठले. एकटे उठले. मी पदर सावरून पुढे झाले होते, ती तशीच उभी राहिले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ह्यांचे पाय रोज चिकटतात. त्या दिवशी आतून वस्ताद सवयीने म्हणाला, "उचल," आणि हे उंबरा ओलांडून गेले, ग्लास घेऊन आले आणि बाईंच्या उजव्या हाताला ठेवला. टेबलावर थेंब नाही.

"काका, तुम्ही कशाला उठलात?"

"तुम्ही बसलात म्हणून."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "काका, मी विचारते त्याचं खरं काय ते सांगायचं. जमतं का, असं मी विचारत नाही. रोज करता का, असं विचारते. आंघोळ?"

"स्वतः."

"कपडे?"

"स्वतः. दिसतंय ना?"

"दिसतंय. एक बटण काढून लावून दाखवता?"

ह्यांनी दाखवलं. वेळ लागला, पण जमलं. मी सहा महिन्यांत ह्यांच्या बोटात बटण पाहिलं नव्हतं. बाईंनी चालायला सांगितलं, वळायला सांगितलं. हे चालले, वळले. कागदावर एक ओळ लिहायला सांगितली. ह्यांचं अक्षर आता मुंगीएवढं झालं आहे, तेही ओळीच्या शेवटी मुंगीच्या पिल्लाएवढं होतं. बाई कागद डोळ्यांजवळ नेत म्हणाल्या, "अक्षर फार बारीक येतं का?"

"ऑर्डरची वही तळहाताएवढी असते, बाई. मोठं अक्षर मालकाला परवडत नाही."

आतून वस्तादचं हसू ऐकू आलं. बाईही हसल्या. मी हसले की नाही आठवत नाही. आपल्या डोळ्यांसमोर आपलं घर जळतंय आणि आपण ते दुसऱ्याचं असल्यासारखं बघतोय, असं काहीसं होतं. पण जळतंय म्हणावं तर सगळं किती छान चाललं होतं.

"आणि जेवण?"

"स्वतः."

"थोडं काही खाऊन दाखवाल?"

"आधी तुम्ही घ्या," हे म्हणाले. "सूप आहे. आमच्या हॉटेलचं आहे."

बाई नको नको म्हणत होत्या, पण हे आत गेले होते. भरलेला वाडगा बशीवर ठेवून घेऊन आले. बशी वाजली नाही. बाईंनी सूप घेतलं, छान आहे म्हणाल्या. सूप घेता घेता ह्यांचं जेवण बघायचं राहून गेलं. त्यांना दोष देत नाही. ज्याला भरलेला वाडगा न सांडता आणता येतो त्याला चमचा काय जड, असं कुणालाही वाटेल.

जाताना दारात त्यांनी मला हळूच विचारलं, "काकू, काका म्हणतात ते सगळं रोज करतात ना?"

हे मागेच उभे होते. माझी मान हलली. कशी हलली विचारू नका. हे बोलले की माझी मान हलते, ती माझ्याही हातात राहिलेली नाही.

बाई गेल्या आणि हे खुर्चीत बसले ते बसलेच. बूट मी काढले. पाय सुजले होते. हात मांडीवर थडथडत होता, जणू सकाळचं सगळं राहिलेलं आत्ता वसूल करत होता. संध्याकाळी मी दार लोटून भात भरवला. घास गिळता गिळता म्हणाले, "बाई खूश गेल्या."

"हो," मी म्हटलं.

संस्थेचं उत्तर आलं. आजारी व्यक्ती रोजची कामं स्वतः करते, सध्या मदतनिसाची गरज दिसत नाही. मी ते उभ्याउभ्याच वाचलं, देवाच्या फळीवर ठेवलं आणि तांदूळ धुतले. तांदळाचं पाणी पांढरं निघत होतं. किती वेळ धूत होते कुणास ठाऊक, शेवटी अगदी नितळ पाणी निघायला लागलं तेव्हा थांबले.

दुपारी लेकीला फोन केला. "तारीख सोडून देते," मी म्हटलं.

"आई, असं कसं? डॉक्टरांनी सांगितलंय ना, लांबवू नका म्हणून."

"मग ह्यांना कोण उचलणार?"

"तू बाबांना सांगितलंस तरी का?"

"काय सांगू? तुम्ही पाहुणीशी चांगले वागलात म्हणून माझं ऑपरेशन राहिलं, असं?"

लेक तिकडे रडायला लागली. मी इकडे फोन कानाला धरून ओट्यावरचा डाग पुसत होते. डाग जात नव्हता. "रडू नकोस," मी म्हटलं, "अंग बाहेर येतं त्याने कुणी मरत नाही. मीच आत ढकलते आणि कामाला लागते."

फोन ठेवून वळले तर हे उंबऱ्यात उभे. पाय चिकटलेले, हातात रिकामा ग्लास. पाणी मागायला आले असणार आणि तिथेच अडकले असणार. किती वेळ उभे होते ते मी विचारलं नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर तर काही दिसत नाही. माझ्याही दिसत नसावं. दोघं तसेच एकमेकांकडे पाहत राहिलो, दोन भिंती समोरासमोर असाव्यात तसे.

"उचला," मी म्हटलं. वस्तादचं ते ओरडणं मला जमत नाही, नवऱ्याला कसं म्हणायचं तसं? आणि माझ्या अदबीच्या बोलण्याने ह्यांचा पाय काही हलत नाही. मग मी नेहमीसारखा माझा पाय ह्यांच्या पायापुढे आडवा ठेवला. समोर काही ओलांडायचं असलं की ह्यांना पाऊल उचलता येतं. माझ्या पायावरून हे आत आले. मी ग्लास भरून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गोळी लागू झाल्यावर, म्हणाले, "तुला हे कधीपासून आहे?"

"आहे थोडे दिवस."

"मला उचलून?"

"नाही हो. वय झालं."

मग म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणतं, काही नको, नुसता चहा. पण त्याला भूक असते. ते दुरून कळायचं मला. सगळी टेबलं कळायची."

"मग?"

"तुझं टेबल मी बघितलंच नाही."

खरं तर काही जाणवतच नव्हतं, बधिर हिरडीवर जीभ फिरवावी तसं. मी म्हटलं, "आंघोळीचं पाणी निवतंय."

"बाईंना परत बोलाव," हे म्हणाले. "जेवायच्या वेळेला बोलाव."

लेकीने संस्थेत फोन केला, काय बोलली तिलाच माहीत. बाई परत यायला तयार झाल्या.

त्या दिवशी मी पांढरा शर्ट काढून ठेवला होता. हे नको म्हणाले. घरातलाच सदरा राहू दे. पँट नको, बूट नकोत. गोळी नेहमीच्या वेळेला घेतली, म्हणजे जेवणाच्या सुमारास ती उतरत आलेली असते. वस्ताद सूप घेऊन आला होता. त्याला वाटलं मागच्यासारखंच आहे. मला म्हणाला, "काय, आज साहेब ड्युटीवर नाहीत?" हे माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "मला टेबलाशी बसव." मी बसवलं. म्हणाले, "दार उघडंच ठेव."

बाई आल्या. हे उठले नाहीत. मी वाट पाहत होते, वस्तादही पाहत होता. ह्यांचा हात मांडीवर थडथडत होता आणि त्याच्या हादऱ्याने टेबलावरचा चमचा वाजत होता.

"बसा, बाई," हे म्हणाले. आवाज घशातल्या घशात. "आज सर्व्हिस बंद आहे."

बाई समोर बसल्या. मी पाणी आणायला वळले.

"तू बस," हे म्हणाले.

मी बसले. आमच्या घरात बाहेरचं माणूस पाण्याशिवाय बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वस्तादने सूपचा वाडगा आणून ह्यांच्यापुढे ठेवला, कारण ह्यांनी तसं बोटाने दाखवलं. ठेवताना त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या लक्षात येत होतं.

मग हे बाईंसमोर जेवले.

चमचा उचलला तो वाडग्याच्या कडेवर वाजत राहिला. तोच आवाज, कप बशीचा. भरला, निम्म्यात आला आणि हवेत थांबला. ह्यांचं तोंड उघडलं, पण चमच्यापर्यंत मान येईना आणि मानेपर्यंत चमचा येईना. सूप मनगटावरून बाहीत गेलं. दुसऱ्यांदा थोडं ओठांपर्यंत आलं, बाकीचं हनुवटीवरून सदऱ्यावर. ठसका लागला. ठसका निवल्यावर हे परत चमचा शोधू लागले. या सगळ्यात नजर मात्र वाडग्यात नव्हती. हे बाईंकडे पाहत होते, सारखे, तुम्ही बघताय ना, असं.

माझे हात आपोआप उठत होते, पुसायला. मी ते पदराखाली दाबून धरले. वस्ताद उठला आणि गॅलरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बाई चांगली मुलगी आहे. तिने मान फिरवली नाही, आणि लगेच लिहायलाही घेतलं नाही. वाडगा अर्धा राहिला तेव्हा म्हणाली, "पुरे, काका."

"बटण राहिलं," हे म्हणाले, आणि सदऱ्याच्या बटणाला भिडले. बोटं बटणावरून घसरत होती. "आता उठतो." उठता आलं नाही. एकदा, परत एकदा. खुर्ची मागे करकरली, हे होते तिथेच.

"रोज काकू उठवतात?"

"रोज. दिवसातून किती वेळा ते तिला विचारा. तिचं अंग उतरलंय त्यात. तेही लिहा."

परक्या माणसासमोर हे असं बोलले. मला लाज वाटायला हवी होती. मी वाट पाहिली, पण ती आली नाही.

बाईंनी विचारलं, "काका, मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"मागच्या वेळी तुम्ही जेवत होतात."

बाई लिहू लागल्या. मी ह्यांची हनुवटी पुसली, मनगट पुसलं. बाई निघाल्या तेव्हा गॅलरीतून वस्ताद आला, वाडगा उचलला, आणि आत नेऊन धूत बसला. एक वाडगा इतका वेळ कुणी धुवत नाही. बाहेर येऊन ह्यांना एवढंच म्हणाला, "मीठ बरोबर होतं का?"

"जरा कमी," हे म्हणाले.

"आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक झालास आणि लगेच तक्रार."

मदतनीस मिळाला. चांगला पोक्त माणूस आहे, दंडाने भक्कम. हे त्याला 'नवा' म्हणतात. हॉटेलात नवीन लागलेल्याला म्हणायचे तसं. त्याचे केस पांढरे आहेत तरी तो नवाच. वस्तादने त्याला 'उचल' शिकवून ठेवलं आहे. तो मोठ्याने ओरडतो, शेजारी दचकतात, पण पाय सुटतात. माझं ऑपरेशन झालं. घरी आले तेव्हा ह्यांना त्या नव्याने आंघोळ घालून बसवलं होतं, भांग चुकीच्या बाजूला पाडलेला. मी तो बदलला नाही. वाकायची मनाई होती.

तेव्हापासून हे सगळ्यांसमोर जेवतात. दार उघडं असतं. शेजारी आले, वस्ताद आला, लेक-जावई आले, तरी टेबलाशी बसून नव्याच्या हातून घास घेतात. माझ्या समोरही. मी समोरच्या खुर्चीत बसून जेवते आणि हे समोर जेवत असतात. इतक्या वर्षांनी. शेजारीण म्हणाली, "बघा, शेवटी जोडीने जेवायचं सुख मिळालं." मी म्हटलं, "हो." सुख म्हणावं असं काही वाटत नाही, दुःख म्हणावं असंही नाही. संध्याकाळी दिवा लावताना देवाला तेवढं सांगते, की आम्ही दोघं जेवलो.

परवा बाई परत आल्या. सगळं कसं चाललंय ते बघायला त्यांना अधूनमधून यावं लागतं. जेवणाचीच वेळ होती. हे टेबलाशी होते, नवा घास कालवत होता. मला आता ग्लासभर पाणी उचलायला हरकत नाही. मी ग्लास आणून बाईंसमोर ठेवला. त्यांच्या उजवीकडे पिशवी होती, म्हणून डावीकडे ठेवला.

ह्यांनी ते पाहिलं. मांडीवरचा हात उठला, थरथरत टेबलावर आला. नवा थांबवायला जात होता, मी त्याला खुणेने थांबवलं. बोटं ग्लासाला लागली तशी थरथर थांबली. ह्यांनी कडेने पिशवी थोडी सरकवली आणि ग्लास बाईंच्या उजव्या हाताला आणून ठेवला. थोडं पाणी सांडलं.

बाई पाणी प्यायल्या. हे नव्याकडे वळले आणि तोंड उघडलं.